हणमंतरावांची मोकळी गाडी

लातूरला पोरं एकटी शिकायला येत नाहीत. पोरामागं आई येते, आईमागं गॅसची टाकी, गाद्या, कुकर आणि पिठाचा डबा. नवऱ्याला आणि सासूला जमेल तसं खा म्हणून सांगून बाई दोन वर्षांसाठी इथं खोली करते. बारावी झाली की टाकी परत टेम्पोत. क्लासेसच्या मागच्या गल्लीत अशा बायका घरोघर होत्या. दुपारी ओट्यावर मिळून शेंगा फोडायच्या आणि आपापल्या लेकरांचे मार्क एकमेकींपासून झाकून ठेवायच्या.

त्या बायकांत एक पुरुष होता. हणमंतराव घोरबांड, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, मूळ कंधारकडचे. त्यांची लेक उज्वला नांदेडला शाळेत मास्तरीण, जावई धर्माबादला बँकेत. दोघांनाही रजा मिळण्यासारखी नव्हती आणि नात वैष्णवी अकरावीला आली होती. थोरला आलोक लातूरलाच शिकून औरंगाबादला मेडिकलला लागलेला, त्यामुळं धाकटीनं कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता. फक्त तिच्यासोबत कोण, एवढाच होता. उज्वला म्हणाली, अण्णा, तुम्हीच जा. अण्णांनी हाव म्हटलं. काय कबूल केलं ते त्यांना टेम्पोत बसल्यावर कळायला लागलं.

स्वयंपाकाचं त्यांना भ्या नव्हतं. मुक्कामी गाडीवर जन्म गेलेला. परगावी रात्र काढायची म्हणजे स्टोव्ह, खिचडी आणि कांदा हे आलंच. वैष्णवीला त्यांनी पहिला महिनाभर खिचडीच घातली. मग घरमालकीण रत्नम्मा मध्ये पडली. ही उदगीरकडची बाई, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलायची. यप्पा, पोरगी डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट होईल की हो, म्हणून तिनं हणमंतरावांना वरणाला येसराचा मसाला कसा लावायचा ते दाखवलं. भाकरी मात्र त्यांच्या हातून अखेरपर्यंत गोल झाली नाही.

बाकी लातूरचं त्यांना काही उमजत नव्हतं. पोरी पहाटे सायकलीवर कुठं जातात आणि परत येऊन पुन्हा कुठं जातात, कॉलेजात नाव असून कॉलेजला कुणी का जात नाही, एका विषयाला दोन-दोन सर का लागतात. पहिल्या टेस्टनंतर त्यांनी वैष्णवीला विचारलं, पास झालीस का माय. ती म्हणाली, आबा, इथं पास-नापास नसतं, नंबर असतो. मग तुझा कितवा, तर ती न जेवताच अंथरुणात शिरली. नापास नसून पोरगी उपाशी का झोपली, ह्याचा विचार करत हणमंतराव उरलेल्या वरणाकडं बघत बसले.

उज्वलानं निघताना त्यांच्याकडं एक वस्तू दिली होती. हातरुमालात गुंडाळून, दागिना द्यावा तशी. हाताच्या पंजाएवढं निळं खोकं, मध्ये काच, दोन्ही अंगांना बटनं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम. आलोकच्या काकानं दुबईहून आलोकसाठी आणला, आलोक हॉस्टेलला गेल्यावर तो वैष्णवीकडं आला. उज्वलानं बजावलं की हे पोरीच्या हाती लागू द्यायचं नाही. रविवारची टेस्ट देऊन आली की अर्धा तास, बास. हणमंतरावांनी जिम्मा घेतला आणि गेम पिशवीत घालून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली पुरला. वैष्णवी पिठाला हात लावत नव्हती, हे त्यांनी हेरलं होतं.

त्यामुळं दर रविवारी दुपारी डब्यातून पिशवी निघायची, वैष्णवी फुंकर मारायची आणि उंबऱ्यात बसायची. त्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता. उजेडाकडं तोंड करून, तिरकं धरूनच दिसायचं. हणमंतराव मागं उभे राहून बघायचे. इवल्याशा गाड्या. ना टप, ना दारं, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे त्यात बसलेले प्राणी. अस्वल, बेडूक, मोठ्या नाकाचा एक बुटका. वैष्णवी बेडूक घ्यायची. गाड्या सुसाट सुटायच्या, एकमेकींना ढुशा द्यायच्या, रस्त्यावर केळीच्या साली टाकायच्या आणि फिरून फिरून निघाल्या तिथंच यायच्या.

"ह्यांना जायचं कुठं हाय?" त्यांनी एकदा विचारलं.

"कुठं नाही आबा. तीन फेऱ्या मारायच्या."

"मग उतारू?"

"उतारू नसतात."

मोकळी गाडी इतक्या जोरात कोण पळवतं, हे त्यांच्या डोक्यात बसेना. डिझेल तरी बघावं माणसानं.

शर्यत संपली की काचेवर नावं यायची, वरून खाली पाच. पाचही ठिकाणी इंग्रजीत आलोक. वैष्णवीचं नाव कधीच यायचं नाही. थोडक्यात हुकायचं. एका रविवारी तिनं त्यांना बोट लावून दाखवलं, हा बघा दादाचा टाइम, सगळ्यात वरचा. हा मला पाठ आहे. घरी भिंतीवर दादाची मार्कलिस्ट लावलीय, क्लासमध्ये सर म्हणतात आलोकची बहीण ना, आणि इथं पण दादाच. मग मान खाली घालून म्हणाली, "आबा, मार्कांचं मला माहीत नाही. पण परीक्षेच्या आधी एकदा तरी ह्याला इथून खाली ढकलायचंय."

हणमंतरावांना त्यातलं गेमचं काही कळलं नाही, ढकलायचं तेवढं कळलं. तेव्हापासून रविवारी तेही जरा घाईनं डबा उघडायला लागले.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यांच्या हातून ती चूक झाली.

पोरगी क्लासला गेलेली, लाइट गेलेले, गल्लीतल्या बायका पाण्याच्या टँकरमागं धावलेल्या. भाकरीसाठी पीठ घ्यायला त्यांनी डबा उघडला आणि पिशवी वर आली. चालू करून तर बघू, म्हणून उंबऱ्यात बसले, चष्मा लावला. बटन कुठलं ते माहीत झालं होतं. काच लागली, गाणं वाजलं, मग एक चौकट आली. चौकटीत इंग्रजीत काहीतरी विचारलेलं. हणमंतराव निजामाच्या काळात जन्मलेले, पहिली उर्दूत आणि पुढची चार मराठीत शिकलेले. इंग्रजी म्हणजे गाडीवरच्या पाट्या आणि इंजिनावरची अक्षरं. कोणतं बटन दाबलं तर ही चौकट जाईल, म्हणून ते अंगठा नुसता फिरवत होते. तेवढ्यात खोकं वाजलं. टुण, टुण.

दोनदा.

एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला ह्याच्यावर विचार करायचा नसतो. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की ड्रायव्हर मागं वळून बघत नाही, का म्हणून विचारत नाही. पाय आपोआप क्लचवर जातो. हणमंतरावांचा अंगठा आपोआप गेला. चौकट गेली. पुन्हा तसलीच दुसरी आली, पुन्हा टुण टुण, पुन्हा अंगठा.

मग गाणं पहिल्यापासून सुरू झालं. आतापर्यंत दिसायच्या त्या चित्रांपैकी निम्म्याहून जास्त चित्रांना कुलूप लागलेलं दिसलं. नावांच्या पाटीवर कसंबसं पोचले, तर पाचही जागी नुसत्या रेघा.

आलोक गेला होता.

त्यांनी खोकं बंद केलं, चालू केलं. सेल काढून फडक्यानं पुसून परत घातले. गाडी गरम झाली की थोडा वेळ सावलीत लावावी, तसं ते माठाशेजारी ठेवून बघितलं. रेघाच. नातवानं दोन-तीन वर्षं घासून मिळवलेलं आपण दोन घंट्यांवर पुसलं, इतकं त्यांना कळलं. आणि नातीला जे खाली ढकलायचं होतं ते आता ढकलायला राहिलंच नाही, हे त्याच्या मागोमाग कळलं. रविवारपर्यंत वेळ होता. दुसरा इलाज सुचेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की आलोकचं नाव आपणच परत लिहायचं. शर्यत पळवायची, चांगला टाइम काढायचा, आणि आ-लो-क एवढी अक्षरं तर दुकानाच्या पाटीवर बघूनही जुळवता येतील. आपण ड्रायव्हर हाय की न्हाई, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं.

गाडी म्हणून त्यांनी अस्वल घेतलं. जड होतं, एसटीच्या जवळचं वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांचा शेवटचा नंबर आला. कारण साधं होतं. वळण आलं की ते वेग कमी करत, मागून कोणी आलं की डावीकडं दबून साइड देत. ज्यांना साइड दिली ते पुढं जाऊन ह्यांच्याच चाकाखाली केळीची साल टाकत. असली शिकलेली जनावरं त्यांनी बघितली नव्हती. रस्त्यात पेट्या लोंबत असत, पेटीला गाडी लागली की काहीतरी हाती यायचं. आणि जो सगळ्यात मागं त्याला सगळ्यात भारी वस्तू मिळायची, पुढच्याला नुसती साल. हे वाटप कोणत्या सरकारचं, हे त्यांना समजेना. एकदा त्यांच्या अस्वलाला मागून रॉकेट लागलं आणि गाडी आपली आपणच उडत पाचजणांच्या पुढं गेली, तर ते इतके बावचळले की ब्रेक दाबून बसले.

पण हे सगळं अंगवळणी पडत गेलं असतं. खरी अडचण वळणावर होती.

समुद्राच्या कडेनं जाणारा तो रस्ता, वैष्णवी पळवायची तोच. अर्ध्यावर नारळाचं एक झाड, तिथं डावीकडं वळण, आणि वळणावर एक माणूस. पांढऱ्या कपड्यातला, बोटभर. शर्यत बघायला उभा असावा. तो एक हात वर करायचा, खाली घ्यायचा, परत वर करायचा.

हणमंतराव थांबायचे.

पहिल्यांदा ते न कळत झालं. हात दिसला की गाडी थांबवायची, असा एसटीचा कायदाच निघाला होता. माळावर, फाट्यावर, कुठंही, कुणीही हात दाखवावा आणि गाडी थांबावी. अंगठा बटनावरून उठला, अस्वलाची गाडी नारळापाशी उभी राहिली, बाकीच्या भर्रकन गेल्या. माणूस चढला नाही. हात वर-खाली करत राहिला. हणमंतरावांना हसू आलं. दुसऱ्या फेरीला मनात घोकत आले की थांबायचं न्हाई, चित्र हाय. तरी थांबले. तिसऱ्याला तर वळणाच्या बऱ्याच आधीपासून अंगठा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी रत्नम्मानं त्यांना धरलं. त्यांच्याकडं ठेवलेली चावी न्यायला आली, तर म्हातारा उंबऱ्यात, नाकाजवळ खोकं आणि कपाळाला घाम. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं की पोरीचा अभ्यास व्हावा म्हणून काढून ठेवलेलं, ते तुम्हीच घेऊन बसलाय काय. आता उज्वलाताईचा फोन आला तर मी काय सांगू, आजोबा नापास झाले म्हणून सांगू? हणमंतरावांनी तिला बसवून सगळं सांगितलं, चौकट, घंट्या, पुसलेलं नाव. ते तिला निम्मंच कळलं. वळणावरचा माणूस मात्र तिनं नीट वाकून बघितला.

"ह्यो बसायचा न्हाई हो," ती म्हणाली. "ह्यो टाटा करतोय."

हणमंतराव म्हणाले, हाव, तसंही असंल. पण टाटा करणारा आणि थांब म्हणणारा, दोघांचा हात लांबून सारखाच दिसतो. हे बोलल्यावर रत्नम्माची चावी त्यांनी दुसऱ्याच खिळ्यावर शोधली.

त्र्याण्णव साली ते ह्याच जिल्ह्यात, निलंग्याच्या अंगाला होते. गणपती बुडवले त्या रात्री त्यांची मुक्कामी गाडी एका गावात शाळेच्या मैदानावर लावलेली होती. ते टपावर झोपलेले, कंडक्टर श्रीमंत आत मागच्या लांब सीटवर, पैशाची पेटी उशाला घेऊन. पहाटेच्या आधी टप हलला. झोपेत त्यांना वाटलं की श्रीमंतनं गाडी चालू केली. कुठं निघालास बे, असं ते ओरडलेसुद्धा. खाली उतरले तर गाडी जागेवर होती आणि समोर गाव नव्हतं. धूळ होती. धुळीतून माणसं हाका मारत होती, आणि त्या सगळ्या गावात धड उभी अशी ही एक एसटीच.

उजाडायच्या आत गाडी भरली. सीटवर, सीटच्या मध्ये, दारात, माणसावर माणूस. श्रीमंतनं दोरी दोनदा ओढली आणि हणमंतराव लातूरच्या दवाखान्याकडं निघाले. वाटेतली गावंही तशीच झालेली होती, आणि रस्त्याच्या कडेला लोक उभे होते. बाजेवर घातलेली, पाठीवर घेतलेली माणसं घेऊन. एसटी दिसली की हात वर जायचे. हणमंतरावांचा पाय ब्रेकवर जायचा आणि मागून दोन घंट्या यायच्या. पुन्हा हात, पुन्हा दोन घंट्या. जागा नव्हती, हे श्रीमंतचं खरंच होतं. एका वळणावर बाभळीखाली एक माणूस एकटाच होता. अंगात बनियन. एका हातानं त्यानं छातीशी काहीतरी धरलेलं, दुसरा हात वर. तो ओरडला नाही, गाडीमागं धावला नाही. नुसता हात वर करून उभा राहिला.

लातूरला गाडी रिकामी करून ते त्याच वाटेनं उलटे आले. बाभूळ होती, माणूस नव्हता. त्या दिवशी जितक्या फेऱ्या झाल्या तितक्या वेळा त्यांनी तिथं गाडी हळू केली. एकदा तर मोकळी गाडी बंद करून उभे राहिले, श्रीमंतनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, काय न्हाई.

पुढं तालुक्याला त्यांना शाल आणि नारळ मिळाला. कशाबद्दल, हे त्यांना कुणीतरी दोनदा सांगितलं. तरी नारळ घरी आणून त्याचं काय करावं ते कळेना, म्हणून शेजारी देऊन टाकला. वर्षभरानं त्यांनी नांदेडला बदली मागितली. कारण घरगुती, एवढंच सांगितलं. घरचेही तेच धरून चालले.

आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर, नातीच्या खोक्यातला बोटभर माणूस त्यांना दर फेरीला भेटत होता. त्या बनियनवाल्याशी ह्याचा संबंध नव्हता हे त्यांना कळत होतं. ह्याच्या डोक्यावर तर टोपी होती. तरी अंगठा ऐकत नव्हता. आणि एक गोष्ट त्यांना विशेष घोटाळ्यात पाडायची. हा माणूस जात नव्हता. फिरून यावं, तर तिथंच. हात वर.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. डोळे अर्धे मिटून, मनात श्रीमंतच्या घंट्या वाजवून पाहिल्या. तीन फेऱ्यांत तीनदा थांबले ते थांबलेच. शेवटून पहिले आले. पण रोजच्यासारखं शर्यत संपताच खोकं बंद केलं नाही. पाटी रिकामी होती, त्यामुळं खोक्यानं तो टाइमसुद्धा गोड मानून घेतला आणि नाव मागितलं. हणमंतरावांनी कोपऱ्यावरच्या आलोक मेडिकलची इंग्रजी छापाची पिशवी समोर धरली आणि एकेक अक्षर जुळवलं. पहिल्या जागी आलोक आलं. त्यांना जरा बरं वाटलं. नाव तर परत आलं. आकड्यांकडं त्यांनी फारसं बघितलं नाही.

रविवारी वैष्णवी टेस्ट देऊन आली, हातपाय न धुताच डब्याकडं गेली. पेपर कसा गेला हे हणमंतरावांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. उंबऱ्यात बसून तिनं फुंकर मारली, चालू केलं. कुलपं दिसली तशी तिची पाठ ताठ झाली. पाटी काढली. बराच वेळ बघत राहिली.

"आबा, हे काय?" तिनं मागं न वळता विचारलं. "दादा इतका हळू? बैलगाडी घेऊन गेला होता का?"

हणमंतरावांनी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघितली. ती झाली नाही. मग त्यांनी सांगून टाकलं. चौकट आली, दोन घंट्या झाल्या, मला वाटलं चल म्हणून राहिली. पुसलं गेलं, म्हणून पुन्हा लिहिलं. जमलं तसं लिहिलं.

पोरगी रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा कसातरीच झाला. म्हणाली, मग आता मी कुणाला हरवू? थोड्या वेळानं तिनंच नाक पुसलं. म्हणाली की टाइम तर मला पाठ आहे, पाटीवर नसला म्हणून काय झालं. आणि बेडूक घेऊन सुटली.

अशी गाडी तिनं कधी मारली नव्हती. साल चुकवली, रॉकेट चुकवलं, नारळाच्या वळणाला तर गाडी आडवी करूनच काढली. हात दाखवणारा एका झपाट्यात मागं. शर्यत संपली. वैष्णवी पहिली, आलोक दुसरा. दुसरा म्हणजे हणमंतराव.

ती आकड्यांकडं बघत राहिली. मग बोटांवर काहीतरी मोजलं, मग डोळे मिटले.

"शेवटचा आकडा तीन होता का आठ?" ती म्हणाली.

"कशाचा?"

"दादाच्या टाइमचा. आठ असला तर मी हरवलं. तीन असला तर नाही." तिनं त्यांच्याकडं बघितलं. "मला पाठ होता, आबा. आत्तापर्यंत पाठ होता."

हणमंतरावांनीही आठवून बघितलं. तीन आणि आठ दोन्ही त्यांना दिसले. आलोकला फोन लावू का, त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. त्याला आठवत नसणारच, आणि आठवत असला तर अजून वाईट. मग भिंतीला टेकून म्हणाली की मी जिंकले का हरले हेच कळंना झालंय. हणमंतराव तिच्या शेजारी टेकले. त्यांनाही वाटलं की काहीतरी बोलावं, धीर द्यावा. पण जिंकली म्हणावं तर खोटं ठरेल आणि हरली म्हणावं तर तेही खोटं ठरेल.

थोड्या वेळानं तिनं खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "एवढा टाइम कसा काय लावला तुम्ही? दाखवा बरं."

त्यांनी अस्वल घेतलं. वैष्णवी पिठाचा डबा मांडीशी घेऊन त्याच्यावर हनुवटी टेकून बघत होती. गाडी निघाली, साइड देत देत नारळाजवळ आली आणि उभी राहिली.

"इथं का थांबला?"

"हात दाखवून राहिलाय ना तो."

"आबा, ते चित्र आहे."

"मला कुठं न्हाई ठाऊक." ते काचेवरून नजर न काढता म्हणाले. "पण गाडी मोकळी हाय माय. मोकळी गाडी कशी पुढं काढू?"

वैष्णवीला काय कळलं, सांगता येत नाही. भूकंपाच्या पहाटेचं तिनं घरात ऐकलं होतं, शालीचं आणि नारळाचं. बाभळीचं कुणालाच माहीत नव्हतं. पण घंट्यांचं तिला लहानपणापासून माहीत होतं, त्यांच्याच मांडीवर बसून ती एसटी-एसटी खेळलेली. दुसरी फेरी आली. अस्वल नारळाजवळ आलं, माणसानं हात वर केला, हणमंतरावांचा अंगठा उचलायला लागला, तेव्हा तिनं डब्याच्या झाकणावर बोटानं वाजवलं. टण, टण.

अंगठा दाबला गेला. माणूस मागं पडला.

हणमंतरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गाडी आता भन्नाट जात होती, बेडकाला गाठलं, बुटक्याला गाठलं, वैष्णवी शाबास आबा म्हणत होती, आणि त्यांना एवढंच समजत होतं की हा रस्ता फिरून तिथंच जातो. तो असेल. आताही असेल. समुद्र सरला, नारळाचं टोक दिसलं. होता. हात खाली होता, मग वर गेला.

त्यांनी काच सोडून वैष्णवीकडं बघितलं. ड्रायव्हरनं असं बघायचं नसतं.

झाकण वाजलं. टण.

एकदाच. तिनं मुद्दाम वाजवलं, का दुसऱ्यांदा वाजवायच्या आत तिचा हात निसटला, हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी पुढंही कधी विचारलं नाही. अंगठा उठला. अस्वलाची गाडी वळणावर उभी राहिली. बेडूक गेला, बुटका गेला, केळीच्या साली टाकत बाकीची सगळी जनावरं गेली. दोघं आजा-नात उंबऱ्यात बसून त्या माणसाकडं बघत राहिली. तो चढला नाही. हात वर-खाली करत राहिला.

"चढंना की," वैष्णवी हळूच म्हणाली.

"चढंल," हणमंतराव म्हणाले. "दम धर जरा. सामान असंल त्याच्यापाशी."

आत कुकरची शिट्टी झाली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.